जिवंत माणसाचं सोंग

पहाटे रेडिओवर बातम्यांच्या जागी नुसता बँड वाजायला लागला की समजावं, सरकार बदललं. तांगसेगात हे कोणाला शिकवावं लागत नाही. त्या वर्षी उत्तरेची कोरडी धूळ गावावर अशी उतरली होती की अंगणातून रस्ता दिसत नव्हता, आणि त्या धुळीतून घराघरांतला तोच एक बँड ऐकू येत होता. तालातो चुलीपुढे बसली होती. तिचे सासरे गोआमा रेडिओ कानाला लावून बाहेर आले, बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "झालं. पुन्हा नवे जावई आले. आता ह्यांचे लाड करा."

"हळू बोला जरा," आतून सासूबाई म्हणाल्या. येंपोको त्यांचं नाव. "सकाळी सकाळी तोंड आवरलं तर जीभ झडणार नाही."

पण गोआमांचं पोट त्या जिभेवरच चालायचं. नाक्यावरच्या छोट्या रेडिओ केंद्रात दर बाजाराच्या दिवशी ते लोकांचे फोन घ्यायचे. आधी घसा खाकरायचे, मग म्हणायचे, "हं, बोला." कोणाचं गाढव हरवलेलं, कोणाला कापसाचा भाव पटलेला नाही, कोणाचा नवरा ज्वारीची दारू, दोलो, पिऊन पडलेला. गोआमा सगळ्यांची फिरकी घ्यायचे आणि वर दोन शहाणपणाचे शब्दही सांगायचे. आसपासच्या गावांतल्या लहान पोरालासुद्धा तो आवाज डोळे मिटून ओळखता यायचा.

तालातोला तर तो आवाज काढताही यायचा. तिचा नवरा दूर परदेशात, अबीजानकडे कोकोच्या मळ्यात कामाला, घरात करमणूक काय ती हीच. एकदा सासऱ्यांची टोपी घालून, काठी टेकत, विहिरीवरच्या बायकांना ती "हं, बोला" करून दाखवत होती, आणि मागे गोआमाच उभे. बायका बाजूला सरल्या. तालातोनं टोपी झटकन पाठीमागे लपवली. गोआमा मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "चला, माझ्या मरणाची सोय झाली."

त्यांना काय म्हणायचं होतं ते विहिरीवर सगळ्यांना कळलं. तांगसेगातल्या मोसी लोकांमध्ये घरचा मोठा माणूस गेला की त्याच्या कार्याला एक सून त्याचे कपडे घालते, त्याच्यासारखी चालते, बोलते, ओरडते. सगळे तिला त्याच्याच नावानं हाक मारतात. सूर्य मावळला की ती कपडे उतरवते, आणि मग तो माणूस खरा जातो. तोवर तो घरातच घुटमळत असतो. हे सोंग मात्र गेलेल्याचंच करायचं. जित्या माणसाचं कार्य घालून केलं, तर त्याचा प्राण सोंग करणारीच्या गळ्यात उतरतो म्हणतात. विहिरीवरची चेष्टा वेगळी आणि कार्य वेगळं.

सत्तेवर आलेले नवे कर्नल वर्षभरात निवडणूक घेणार होते. तसं त्यांनी टोपी काढून, हात छातीवर ठेवून सांगितलं. त्यानंतर रात्रीची संचारबंदी आली, चौकात झेंडे आले, आणि पाच माणसांनी एकत्र बसायला परवानगी लागू लागली. उत्तरेला बंडखोरांशी लढाई होतीच. तिकडे "स्वयंसेवक" जाऊ लागले. हे स्वयंसेवक कसे होतात ते लोकांनी लवकरच पाहिलं. नंबर नसलेली गाडी येते, माणूस त्यात चढतो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतून कळतं की त्यानं देशासाठी आपणहून नाव दिलं. शिंपी गेला, शाळेतला एक मास्तर गेला. चहाच्या टपरीवर त्यांच्या जागा रिकाम्या राहायच्या, आणि गर्दी असली तरी त्या बाकावर कोणी टेकत नसे. त्यांची नावंही कोणी घेत नसे. बाया पोरांना गप्प करताना म्हणायच्या, नाव घेशील तर गाडी येईल.

उन्हाळ्यात गोआमांनी आपल्या रेडिओवरच्या बैठकीत कोणा म्हातारीला निवडणुकीबद्दल उत्तर दिलं. "कर्नलसाहेब वर्षभरात म्हणाले, आजी. कुठलं वर्ष ते विचारायचं राहिलं." केंद्रातली पोरं हसली, फोनवर म्हातारीही हसली. गोआमा घरी येऊन भेंडीच्या आमटीबरोबर बाजरीच्या पिठाचा उकडलेला गोळा जेवले, हात धुतले, आणि फाटकाशी गाडी थांबली. त्यांनी टोपी चढवली. तालातोकडे बघून म्हणाले, "सूनबाई, रेडिओ बंद कर, सेल संपतात." आणि गेले.

सासूबाईंनी ना हंबरडा फोडला ना कोणाला दोष दिला. त्या रोज कचेरीत जाऊन बसत. तिथे नवा अधिकारी आला होता, लेफ्टनंट तोए, सामो जातीचा, हसऱ्या चेहऱ्याचा, दातात काडी धरून बोलणारा. "तुमचे यजमान आघाडीवर आहेत आजी," तो म्हणे. "मजेत आहेत. ऐकत नाही का तुम्ही त्यांना?"

कारण गोआमा रेडिओवर बोलतच होते. तोएच्या हुकमावरून केंद्रात त्यांच्या जुन्या फिती लावल्या जात. बाजाराच्या दिवशी ठरल्या वेळी घसा खाकरल्याचा आवाज यायचा आणि मग "हं, बोला." लोक बाजारात थबकायचे, आणि मग जास्तच घाईनं खरेदी करायला लागायचे. एकदा फितीवर फोन करणारी बाई अशी निघाली की तिला पुरून दोन पावसाळे झाले होते. ती आणि गोआमा कोंबड्यांच्या रोगावर हसत खिदळत बोलत होते, आणि तिचा नवरा भाजीच्या दुकानापुढे उभा राहून ते ऐकत होता. तालातो बाजारातून तशीच परतली. तिनं घरी येऊन रेडिओ लपवला. सासूबाईंनी तो शोधून काढला, समोर ठेवला आणि त्याला उत्तरं देत बसल्या. "कोंबड्यांचं राहू द्या," त्या म्हणायच्या, "जेवलात का ते सांगा."

पाऊस लागला, बाजरी गुडघ्याएवढी झाली, आणि तोए एक पिशवी घेऊन घरी आला. पिशवीत गोआमांची टोपी होती. देशासाठी वीरमरण आलं, म्हणाला. देह आणता आला नाही. सासूबाईंनी टोपी उलटसुलट पाहिली, आतली शिवण पाहिली. ती त्यांनीच घातलेली होती. त्या दिवसापासून रेडिओवरची बैठक बंद झाली. त्या वेळी नुसती खरखर लागायची.

तोए मात्र येत राहिला. सामो आणि मोसी म्हणजे थट्टेचं नातं. मोसींनी सामोंना कुत्रं खाणारे म्हणायचं, सामोंनी मोसींना आपले गुलाम म्हणायचं, आणि कोणी रागवायचं नाही. मयताच्या घरी तर सामो मुद्दाम येतो, प्रेताशेजारी आडवा पडतो, म्हणतो की हा मेलेला नाही, कामचुकार आहे, ह्याला उठवा. रडणारी माणसंही हसतात. तसा तोए अंगणात येऊन बसायचा आणि गोआमांचे थोरले भाऊ यांबा, घरातले सगळ्यात वडील, त्यांना विचारायचा, "काय हो गुलामांनो, कार्य कधी घालताय? तुमचा माणूस गेला, आणि तुम्ही अजून सोंगसुद्धा काढलं नाही?"

"कापणी होऊ दे, कुत्रेखाऊ," यांबा म्हणत. "तुझ्यासाठी एक कुत्रं पाळून ठेवलंय."

दोघंही हसत. पण जाताना तोए सासूबाईंच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत असे, हे तालातोनं पाहिलं होतं.

ते का, हे कापणीत कळलं. दूध विकणारी दिको, पुल जातीची गुराखी बाई, वाट वाकडी करून शेतात आली. दुधाचं भांडं डोक्यावरून उतरवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू म्हणाली, "तुमचा म्हातारा आमच्या वाडीवर आहे. खंदकातून पळाला. चालत आला, पाय सडलेत. दिवसभर आमच्या गाईंना नावं ठेवतो. विचारतो, घरी येऊ का?"

तालातोच्या हातातला विळा गळून पडला. सासूबाई खालीच बसल्या. त्यांनी कणसाचे दाणे हातात घेतले, चोळले, फुंकले, आणि मग म्हणाल्या, "म्हणावं, येऊ नका. पाय बरे झाले की सीमेपलीकडे जा."

दिको गेल्यावर तालातो म्हणाली, "आई, मग तोए रोज का विचारतो? त्याला ठाऊकच असणार ते पळाले ते."

"म्हणूनच विचारतो. मेला असं त्यांनी वर कळवून टाकलंय, आणि आता खात्री नाही. त्याला बघायचंय, आपण कार्य घालतो की नाही. जित्या माणसाचं सोंग कुठलं मोसी घर काढेल? नाही काढलं, तर आपल्याला खबर आहे हे उघड झालं. मग ते वाड्यावस्त्या उपसून काढतील."

"आणि काढलं तर?"

सासूबाईंनी तालातोच्या गळ्याकडे पाहिलं.

"मी करणार नाही," तालातो म्हणाली. "माझ्या गळ्यात त्यांचा जीव अडकला तर? मला नाही जमायचं, आई. दुसरी सून बघा."

"दुसऱ्या सुनेला मनापासून रडू येईल, तिला कुठे खबर आहे. पण तिला त्यांचा आवाज येत नाही. तोएनं त्या फिती पाठ केल्यात. कच्चं सोंग त्याला कळेल." मग त्या उठल्या, विळा उचलून तालातोच्या हातात दिला. "काही झालं तर माझ्या माथी. तू कर."

ही गोष्ट दोघींच्या पोटात राहिली. यांबांनाही सांगितली नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी खऱ्या दुःखानं कचेरीत जाऊन जमावाची परवानगी मागितली. तोए म्हणाला, "दिली. पण मीही येणार. मोसी मेला आणि सामो आला नाही, तर लोक मला काय म्हणतील?"

कार्याच्या दिवशी पुन्हा तीच धूळ होती. तालातोनं सासऱ्यांचा निळा डगला घातला, टोपी घातली, काठी घेतली. कपड्यांना तंबाखूचा वास होता. अंगणात पहिलं पाऊल तिनं स्वतःच्याच चालीनं टाकलं, पण यांबांनी हात जोडून "आलास का गोआमा" म्हटलं, आणि पाय आपोआप गोआमांच्या चालीनं पडायला लागले. गुडघा किंचित बाहेर, काठी उशिरा. तिनं भावांना झापलं. दोलो पातळ झालीय म्हणून बायकांना बोलली. पोरं "आजोबा, आजोबा" करत मागे लागली. मग ती त्यांच्या स्टुलावर बसली, घसा खाकरला आणि म्हणाली, "हं, बोला."

सगळं अंगण शहारलं. मग एक म्हातारा पुढे आला आणि कापसाच्या भावाबद्दल बोलला. त्याच्यामागे दुसरा. वर्षभर जे कोणी तोंडातून काढलं नव्हतं ते लोक तिच्यापुढे बोलू लागले. मेलेल्याशी बोलायला कसली परवानगी? शिंप्याची बायको पुढे आली आणि खाली बसली. "गोआमा, तिकडे माझा माणूस भेटला का?"

तालातोला काय ठाऊक असणार? ती म्हणणार होती, नाही गं बाई. पण तोंडातून निघालं, "भेटला. माझ्या डगल्याचं बटण त्यानंच लावलं. सुई नव्हती, काट्यानं लावलं. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही." बाई मान हलवत मागे गेली. तालातोनं खाली पाहिलं. अंगातला डगला घरातला होता, त्याची सगळी बटणं जागच्या जागी होती. हे कुठून आलं, ते तिला कळेना.

तेवढ्यात तोए उठला. दातातली काडी काढली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "हा मोसी मेलेला नाही. नाटकी आहे. उठवा ह्याला."

ही तर सामोची नेहमीची थट्टा. यावर हसायचं असतं. यांबा हसले, पाहुणे हसले. सासूबाई वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात पाणी घेऊन उभ्या होत्या, त्यांचे हात मात्र भोपळ्याला घट्ट चिकटले होते.

"कुत्रेखाऊ," तालातो गोआमांच्या आवाजात म्हणाली, "मी मेलो नाही तर माझ्या घरी फुकटची दोलो पितोस कशाला?"

अंगण खदखदून हसलं. तोएही हसला, पण बसला नाही. त्यानं फाटकाकडे बोट केलं. "आपण तिसऱ्यालाच विचारू. ए पुला, ये इकडे."

फाटकाशी एक गुराखी उभा होता. डोक्यावर टोकदार गवती टोपी, खांद्यावर आडवी काठी, पायांना चिंध्या. अंगावर मांस म्हणून नव्हतं. दिकोनं निरोप पोचवला होता, त्यानं तो ऐकलाही होता. तरी आला. सीमेपलीकडे जाण्याआधी माणसाला आपलं घर एकदा बघावंसं वाटलं, दुसरं काय? ह्या एका मूर्खपणासाठी तालातोला त्याचा असा राग आला की स्टुलावरून उठून दोन थोबाडीत द्याव्यात.

तो आत आला. स्टुलावर आपलाच डगला, आपलीच टोपी घालून बसलेल्या माणसासमोर उभा राहिला.

"तू सांग," तोए म्हणाला. "तू परका, तुला कोणाची भीड नाही. हा गोआमा मेलाय की जिवंत आहे?"

गुराख्यानं तालातोकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मेलाय."

एकच शब्द, हलक्या आवाजात. पण तो आवाज त्या अंगणात कोणाला ओळखता येत नव्हता? शिंप्याच्या बायकोचं तोंड उघडं राहिलं. यांबांचा हात हवेतच थांबला. कोणी हललं नाही, कोणी कोणाकडे पाहिलंही नाही. पोरंसुद्धा गप्प.

"कशावरून?" तोएनं विचारलं.

"उत्तरेला गुरं चारत होतो. खड्ड्यात पडला होता. माती टाकायला कोणी नव्हतं. मी टाकली." त्यानं काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "बडबडत होता शेवटपर्यंत. मग गप्प झाला."

तोए त्याच्याकडे बघत राहिला. ज्या फितींतून तो आवाज महिनोन्‌महिने वाजला, त्या लावायचा हुकूम ह्याचाच होता. आता शिट्टी वाजेल, आता गाडी येईल, असं तालातोला वाटत होतं. तोएनं खिशातून सुपारीसारखं चघळायचं कोलाचं फळ काढलं, दोन भाग केले. एक स्टुलावर बसलेल्या गोआमाला दिला, एक गुराख्याला. "मग माझी थट्टा फुकट गेली," तो म्हणाला. "मेला म्हणायचा." आणि तो जाऊन आपल्या जागी बसला, दोलो मागितली. त्याला कळलं होतं का, थट्टेच्या नात्यात मयताच्या घरी रक्त काढायचं नसतं म्हणून तो गप्प राहिला, की अंगणभर पसरलेल्या त्या शांततेचीच त्याला भीती वाटली, हे आजही तांगसेगात कोणी सांगू शकत नाही.

सासूबाई पुढे झाल्या. परक्या पाहुण्याला देतात तसा पिठाच्या पाण्याचा भोपळा दोन्ही हातांनी पुढे केला. "घे पाहुण्या. वाट लांब आहे."

तो प्यायला. भोपळा परत देताना त्यानं विचारलं, "चांगला माणूस होता का, बाई?"

"होता," त्या म्हणाल्या. "ऐकायचा नाही कोणाचं."

तो फाटकातून बाहेर पडला आणि धुळीत दिसेनासा झाला. सूर्य मावळल्यावर तालातोनं कपडे उतरवले, यांबांनी ते जाळले. सासूबाईंचं डोकं भादरलं. दिवसभर ओरडून तालातोचा घसा पार बसला होता, ती काही न बोलता झोपायला गेली. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. सगळे म्हणाले, घसा बसलाय, मध घे.

नव्या वर्षात कर्नलसाहेबांनी रेडिओवर सांगितलं की देशाची तयारी नाही, निवडणूक पुढे ढकलली आहे. त्याच आठवड्यात दिको दूध घेऊन आली. सासूबाई धावतच अंगणात गेल्या.

"पोचला," दिको म्हणाली. "पलीकडे माझ्या भावाच्या वाडीवर आहे. पाय भरून आले, खातो-पितो, गुरांमागं हिंडतो. पण तुमच्या फाटकातून निघाला तेव्हापासून बोलत नाही. तोंड उघडतो, घसा हलतो, आवाज येत नाही. आम्ही वैद्याला दाखवलं. तो म्हणाला, घशात काही दोष नाही. आवाजच नाही."

सासूबाई सावकाश वळल्या. तालातो चुलीपाशी उभी होती, हात तोंडावर दाबून.

"तू कार्यापासून बोलली नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

तालातोनं मान हलवली.

"बोल."

तालातोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं पुन्हा मान हलवली. सासूबाई जवळ आल्या, त्यांनी तिचा हात धरला आणि तोंडावरून हळूच बाजूला केला. "माझ्या माथी म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "बोल, पोरी."

"काय बोलू?" तालातो म्हणाली.

दिकोच्या डोक्यावरचं भांडं कलंडलं, दूध मातीत गेलं. तो आवाज तालातोचा नव्हता. सासूबाई चुलीपाशी खाली बसल्या, भादरलेलं डोकं गुडघ्यांत घातलं आणि वर्षभरात पहिल्यांदा धाय मोकलून रडल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं, पाट ओढून तालातोला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "अजून थोडं बोल."